तेरा ओपन

गोरक्षनाथाच्या एसटीडी बूथवर चहा फुकट मिळाला, की माणसानं सावध व्हावं. त्याला काहीतरी सांगायचं असतं आणि ते ऐकणाऱ्याला गोड लागणारं नसतं. पण आसाराम पहिल्या पाळीहून एसटी डेपोतून घरी निघाला होता, दिवसभर टायर उपसून त्याचे खांदे भरून आले होते, आणि समोर आलेला चहा नाकारण्याइतका तो शहाणा नव्हता. तो बाकड्यावर टेकला.

"आसारामभाऊ, रागावनार नसला तर एक बोलू?"

"बोल की."

"तुमची पोरगी आकडा लावती."

आसारामनं कप ओठांपासून दूर केला. गोरक्षनाथानं इकडेतिकडे बघून स्टूल जवळ ओढलं.

"दर रविवारी सकाळी येती. पुन्याला फोन असतो. मी काय कान लावून बसत न्हाई, पन काच पातळ हाय. बावीसची जोडी पक्की, म्हनती. सोळा क्लोज. बारा ओपन. आता याला काय म्हनायचं, तुमीच सांगा. शाळेतला पाढा?"

जोडी, ओपन, क्लोज. श्रीरामपुरात शेंबडं पोरही सांगेल की ही मटक्याची भाषा आहे. गोरक्षनाथाला तर ती जरा जास्तच चांगली समजत होती. त्यानं आकडा लावणं सोडल्याला बरीच वर्षं झाली, असं तो स्वतः सांगायचा आणि बाकी कोणीच सांगायचं नाही.

"दुसरी कुनी असंल," आसाराम म्हणाला.

"प्रज्ञा आसाराम," गोरक्षनाथ म्हणाला. "बीएस्सीला हाय ना? मग तीच."

आसाराम चहा अर्धाच टाकून उठला. कारणही तसंच होतं. विहाराच्या कोपऱ्यावरची मटक्याची टपरी त्याच उन्हाळ्यात उठवली होती, आणि उठवली होती ती आसारामनंच. बायाबापड्यांचा मोर्चा काढून, पोलीस स्टेशनात ठाण मांडून. मोर्चात पहिला फलक प्रज्ञाच्या हातात होता. त्याच्यावर काय लिहिलं होतं ते आता आठवायचीसुद्धा त्याची हिंमत होईना.

त्यानं बायकोला, सुमनबाईला, काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी दाढीच्या निमित्तानं बाहेर पडला आणि बूथशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात भिंतीला पाठ लावून उभा राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांचा, अंगापिंडानं दणकट, वस्तीत ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस स्वतःच्या पोरीवर चोरासारखा कान लावून उभा. त्याची त्यालाच लाज वाटत होती. तेवढ्यात काचेपलीकडून आवाज आला, आणि तो तिचाच होता.

"नाही रे, बावीसची जोडी मी सोडणार नाही. सिंगल जुन्या फोटोत होता. आता जोडीच आहे. सोळा क्लोज, लिही. बारा ओपन. एकच अडलंय. तेरा की चौदा. पुढच्या रविवारी फायनल सांगते, त्याला म्हणावं तोवर थांब."

आसाराम तसाच घरी आला. दाढी राहिली ती राहिलीच.

*

घरी त्यानं प्रज्ञाला समोर उभं केलं. सुमनबाई कणीक मळत होती, ती तशाच पिठाच्या हातानं दारात आली. बाजेवर आबा, म्हणजे आसारामचे वडील रंभाजी, भिंतीला टेकून बसले होते. ऐंशीच्या घरातलं हाडकुळं शरीर, पण कान अजून तल्लख.

"कधीपासून लावती आकडा?" आसारामनं विचारलं.

"कसला आकडा?"

"बावीसची जोडी. सोळा क्लोज. मी माज्या कानानं ऐकलंय. आन् त्यो चेतन, इंजिनेरिंगला धाडला बहिनीनं पोटाला चिमटा घेऊन, त्यो पुन्यात बसून तुजा आकडा लावतो?"

प्रज्ञानं आधी वडलांकडं बघितलं, मग आईकडं. आणि ती हसत सुटली. चांगली पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं वडलांचा दंड धरला, आतल्या खोलीत नेलं आणि लोखंडी कपाटाचं दार उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला एक भलंमोठं चित्र चिकटवलेलं होतं. एक गोरा माणूस, केस खांद्याखाली, अंगात सदरा नाही, डोळे मिटलेले, तोंड उघडं, सगळं अंग घामानं निथळतंय. त्याच्या चारी बाजूंना ढोलच ढोल आणि वर पितळी ताटं. भांड्यांच्या दुकानात वीज पडावी तसा तो त्यात सापडलेला.

"ह्यो आजारी हाय का?" सुमनबाईनं विचारलं.

"आई, हा जगातला सगळ्यात नावाजलेला रॉक ड्रमर आहे." तिनं त्याचं नाव सांगितलं. ते आसारामच्या जिभेवर तेव्हा बसलं नाही आणि पुढंही कधी बसलं नाही. "हे बघा पप्पा. खालचे हे दोन मोठे ड्रम पायानं वाजवायचे. दोन आहेत म्हणून जोडी. बावीस इंचाचे, म्हणून बावीसची जोडी. दोन्ही तोंडं मढवली तर क्लोज. वरचं तोंड मढवलं आणि खालून उघडं ठेवलं तर ओपन. झाला तुमचा मटका."

मग तिचं तोंड सुटलं. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी ड्रमचा सेट करून घ्यायचं ठरलंय. चेतननं पुण्यात बँडची वाद्यं बनवणारा एक कारागीर गाठलाय. तो म्हणतो, मापं द्या, हुबेहूब करून देतो. पण मापं आणायची कुठून? त्या चित्रातल्या माणसाला काय पत्र टाकायचं? म्हणून ती चित्रावरूनच काढतेय. मोठ्या ड्रमला कोणीतरी एक कॅसेट टेकवून ठेवलेली होती, अगदी कडेला, नखाएवढी दिसणारी. कॅसेट जगात कुठंही गेलं तरी चार इंचाचीच. मग त्या ड्रममध्ये अशा किती कॅसेटी बसतात ते मोजायचं. साडेपाच बसल्या, म्हणजे बावीस. त्याच्यावरून बाकीचे. सगळे निघाले, एकच अडला. त्या माणसाच्या डाव्या कोपराआड अर्धा लपलेला छोटा ड्रम. तो तेराचा का चौदाचा, हे काही केल्या ठरत नव्हतं.

आसारामच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरगी मटका लावत नव्हती. तो हसणारच होता. पण हसू ओठांपर्यंत यायच्या आधी त्याची नजर पुन्हा चित्रावर गेली, आणि तिनं सांगितलेलं त्याच्या डोक्यात दुसऱ्यांदा वाजलं.

"वरून मढवल्यालं, खालून उघडं," तो सावकाश म्हणाला. "आमच्यात त्याला डफडं म्हनतात."

"पप्पा, ड्रम आहे तो."

"आन् वाजवनार कोन?"

प्रज्ञानं कपाटाचं दार धरलं. मग म्हणाली, "मी. माझी मैत्रीण रूथ, तिच्या चर्चच्या हॉलमध्ये एक जुना सेट आहे. वर्षभर शिकतेय."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. मटका परवडला असता, असं क्षणभर आसारामला खरोखर वाटलं. मटका लावणारी पोरगी रागावून, समजावून सुधारता येते. पण डफडं?

श्रीरामपुरात त्याचं भाषण ऐकलं नाही असं माणूस वस्तीत सापडलं नसतं. भाषणातली गोष्ट ठरलेली असायची. तो आठ-नऊ वर्षांचा होता. श्रीगोंद्याकडचं गाव. लग्न असो, जत्रा असो, दवंडी असो, कोणाची मयत असो, वेशीवरून हाक यायची, "रंभ्या, डफडं घेऊन ये." ताटातली भाकरी तशीच ठेवून बाप उठायचा. मग दीक्षा झाली, आणि बापानं ते डफडं घोड नदीच्या डोहात फेकलं. आसारामनं काठावर उभं राहून त्याचा आवाज कानानं ऐकला. दर विजयादशमीला विहारापुढच्या मंडपात हे सांगून तो शेवटी म्हणायचा, "माझ्या बापानं डफडं नाही, गावकी बुडवली." आणि टाळ्या पडायच्या. यंदा तर दीक्षेला चाळीस वर्षं होत होती. जिल्हाभरातून माणसं येणार होती.

"जयंतीला बँड लावतोच की आपण," प्रज्ञा म्हणाली.

"लावतो," आसाराम म्हणाला. "वाजवत न्हाई. या घरात परत कातड्यावर काडी पडायची न्हाई. तुज्या आज्यानं बुडवलंय ते, तू वर काडू नको. रविवारी चेतनला फोन कर आन् न्हाई म्हनून सांग. दुसरं कुनी वाजवू दे."

"दुसऱ्या कोणाला येत नाही."

"मंग नका वाजवू."

प्रज्ञा वडलांवर गेली होती. रडली नाही. चित्राकडं एकदा बघून तिनं कपाटाचं दार लावलं. बाहेर बाजेवर आबांनी तोंड भिंतीकडं वळवलं होतं. आसारामला वाटलं, म्हाताऱ्याला पोरीचं ऐकून वाईट वाटलं असणार.

*

आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. रविवारी सकाळी विहारात कार्यक्रमाची बैठक होती. भाषणाला आसारामचंच नाव पहिलं निघालं. तो भाषणाची जुळवाजुळव मनाशी करत घराकडं वळला, तर घरातून आवाज येत होता. भांड्यांचा नव्हे. भांडी पडली की त्याचा नेम नसतो. ह्या आवाजाला नेम होता.

त्यानं दार लोटलं आणि उंबऱ्यातच थबकला.

मधल्या खोलीत जमिनीवर, पाटांवर, डब्यांवर घरातल्या झाडून सगळ्या गोल वस्तू मांडलेल्या होत्या. दोन मोठ्या पराती उभ्या करून भिंतीला टेकवलेल्या. बाजूला पाण्याच्या हंड्यावर पत्र्याचं झाकण. त्याच्या वर पातेल्यांची तोंडं. दोरीला टांगलेली स्टीलची ताटं. सुमनबाई भिंतीला टेकून बघत होती. प्रज्ञा समोरच्या दारात एक डोळा मिटून, कपाटावरून काढलेलं चित्र हातात धरून उभी होती. आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, स्टुलावर, त्या केसाळ गोऱ्याच्या जागी, आबा बसले होते. डोक्याला पटका, अंगात बंडी. डाव्या हातात पिठाची चाळण उभी धरलेली, छातीशी टेकवून.

आसारामला आपण कोणत्या घरात शिरलो तेच कळेना.

"पप्पा, रागावू नका, हे झालं की मी फोन करून 'नाही' असंच सांगणार आहे," प्रज्ञा घाईघाईनं म्हणाली. "पण अर्धवट नाही सोडायचं मला. कोपर लागत होतं मधे, म्हणून आजोबांना बसवलं. सगळं लावून बघितलं, दुसरं काही बसेना. चाळण ठेवली आणि बघा, कोपराआडून जेवढी चित्रात दिसते तेवढीच दिसते. मोजली. तेरा. पण पप्पा..."

ती थांबली. तिनं आजोबांच्या हाताकडं बोट केलं.

"पण काय?"

"मी चाळण आडवी ठेवली होती. आजोबांनी उचलून अशी धरली. मी नाही सांगितलं. आणि मग वाजवली."

आसारामनं बापाच्या हाताकडं बघितलं. चाळणीचं कडं जुन्या लाकडाचं होतं, हाताला लागून लागून काळंभोर झालेलं. त्याच्या आठवणीपासून हीच चाळण घरात होती. आईच्या काळापासून. जाळी दोनदा बदलली, कडं तेच. एका जागी ते लाकूड आतून झिजून गुळगुळीत झालं होतं. पीठ चाळणारा हात तिथं कधी लागत नाही. आबांच्या डाव्या हाताची बोटं बरोबर त्या झिजेत बसली होती, जणू तिथंच त्यांची मुक्कामाची जागा होती.

"आबा," आसाराम म्हणाला. "ही चाळण कशाची हाय?"

"पिठाची," आबा म्हणाले.

"आबा."

म्हाताऱ्यानं चाळण मांडीवर घेतली.

"डफड्याचं कडं हाय ते. तुज्या आईनं जाळी ठोकून घेतली सोताराकडून. बरं लाकूड हुतं."

सुमनबाईनं पदर तोंडाला लावला. लग्न होऊन आल्यापासून घरातली भाकरी तिनं त्या चाळणीतल्या पिठाची केली होती. तेवीस वर्षं आसाराम मंडपात उभा राहून सांगत आला, माझ्या बापानं डफडं बुडवलं. आणि ते घरात, खुंटीला, त्याच्या डोळ्यांपुढं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं तर त्यानं अख्ख्या गावाला वळसा घालायला लावला होता.

"तुमी डोहात फेकलं," तो म्हणाला. "मी काठावर हुतो. मी आवाज ऐकला."

"आवाज धोंड्याचा. कातडं बुडंना, म्हनून धोंडा बांधला हुता."

"आन् मी तेवीस वर्सं लोकास्नी..."

"तू सांगत हुतास. मला कधी इचारलं?"

खरंच आसारामनं कधी विचारलं नव्हतं. बापाला पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवायचं, हार घालायचा, आणि त्याची गोष्ट आपण सांगायची. टाळ्या वाजल्या की म्हातारा मान खाली घालायचा. लोक म्हणायचे, किती विनयी माणूस.

"मंग बुडवलं काय तुमी?" आसाराम ओरडलाच. "काय बुडवलं? सगळं खोटंच का?"

आबांनी त्याच्याकडं वर बघितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता.

"कातडं गावाचं हुतं," ते म्हणाले. "त्यांचं मेलेलं जनावर, मी वढून न्यायचं, मीच सोलायचं, आन् त्येच मढवून त्यांच्याच दारात वाजवायचं. ते बुडवलं. धोंडा बांधून बुडवलं. लाकूड माजं हुतं. माज्या चुलत्यानं तासून दिलं हुतं मला, मी ह्या पोरीपेक्षा ल्हान हुतो तवा. माजं मी कशापायी बुडवू?"

त्यांनी चाळणीच्या कड्यावरून अंगठा फिरवला.

"मला वाजवायचा राग न्हवता, आसाराम. हाक यायची, तिचा राग हुता. वाजवायला मला लई गोड वाटायचं." हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज लाजल्यासारखा झाला. चाळीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट ती एवढीच होती. "हिला कुनी हाक मारली का? रंभ्या म्हनून?"

"न्हाई," आसाराम म्हणाला.

"मंग?"

आसाराम खाली बसला, परातींच्या आणि पातेल्यांच्या मधे, जागा सापडेल तिथं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. प्रज्ञा जवळ येऊन बसली. जराशानं आसारामनं हात पुढं केला. आबांनी चाळण त्याच्या हातात दिली. त्यानं बोटं त्या झिजेत घालून बघितली. त्याच्या हाताला ती बसेनात. त्याचा हात टायरचा, जाड. मग त्यानं चाळण प्रज्ञाच्या हातात दिली. तिची बसली.

"तेरा म्हनालीस?"

"तेरा. जाळी काढली तर खालून उघडाच आहे."

"चल," आसाराम उठला. "चेतन वाट बघत असंल."

*

रविवारची सकाळ, बूथवर ही गर्दी. गोरक्षनाथानं बापलेकीला एकत्र येताना बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. आता बाप पोरीच्या हातून फोन करवणार, न्हाई म्हणायला लावणार, आणि ती काचेआड रडणार. त्यानं दोघांना आधी घेतलं. बाकड्यावरच्या माणसांनाही त्यानं डोळ्यानं खुणावलं. प्रज्ञानं नंबर फिरवला आणि रिसीव्हर वडलांच्या हातात दिला. काचेचं दार लावायचं आसारामच्या ध्यानात आलं नाही, किंवा त्यानं ते मुद्दाम उघडं ठेवलं.

"चेतन, मामा बोलतो. हो, हितंच हाय ती. लिहून घे. बावीसची जोडी पक्की. सोळा क्लोज. बारा ओपन." त्यानं श्वास घेतला. "आन् अडल्याला आकडा मिळाला. तेरा. सिंगल. तेरा ओपन. कारागिराला म्हनावं, लाकूड चांगलं वापर, पिढ्या जायला पायजे."

बाकड्यावरच्या सगळ्या माना वळल्या. मटक्याची टपरी उठवणारा माणूस, भर रविवारी, पोरीला शेजारी उभी करून, मोठ्या आवाजात आकडा देत होता. गोरक्षनाथाचा हात मीटरवरच राहिला. बिल फाडायचं तो विसरला.

आसाराम बाहेर आला, तेव्हा गोरक्षनाथ त्याच्या कानाशी वाकला. सवयच ती. कोणाला पक्का आकडा मिळाला, की कोणत्या बाबानं, कोणत्या फकिरानं दिला, हे विचारल्याशिवाय त्या माणसांना चैन पडत नाही.

"आसारामभाऊ," तो हलकेच म्हणाला, "तेरा कुनी दिला?"

"बापानं," आसाराम म्हणाला, आणि पोरीला घेऊन घराकडं चालायला लागला.